बुडीवाला रामकिसन

वाटूरच्या लोकांना नावं ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. रामकिसन रेल्वेच्या ग्यांगात कामाला म्हणून तेलंगणाकडं गेला, चार-पाच वर्षं तिकडंच राहिला, आणि परत आल्यावर पारावर बसून सगळ्यांसमोर सांगून मोकळा झाला, "मी ख्रिस्ती झालो. तळ्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. पार डोक्यावरून पाणी गेलं." झालं! दुसऱ्या दिवशी तो तोंड धुऊन बाहेर यायच्या आत गावानं त्याचं नवं बारसं करून टाकलं होतं. बुडीवाला रामकिसन. मरेपर्यंत ते नाव काही निघालं नाही.

घर खात्यापित्या कुणब्याचं. भावांनी मधे भिंत घातली, वरच्या अंगाचं रान त्याच्या वाट्याला टाकलं आणि पाण्याचा हंडा वेगळा केला. त्याची बायको साळूबाई हसनाबादची. तिचा थोरला भाऊ कडूबा बैलगाडी जुंपून तिला न्यायला आला. म्हणाला, "चल. बाटलेल्या घरात ऱ्हायचं न्हाई." साळूबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "दादा, बुडाले ते. मी कोरडीठाक हाय. भाकर खा आन् जा." कडूबानं भाकर खाल्ली आणि गेला. अशी ती बाई! जिभेला धार, पण पोटात काय आहे ते मेली तरी ओठावर आणायची नाही. तिची ही खोड पुढं नडली. थोडीशी तिची नडली, बाकी सगळी रामकिसनची.

कडूबा गेल्यावर रामकिसन तिला म्हणाला, "साळू, एक सांगून ठेवतो. माझा देव माझ्यापाशी, तुझा तुझ्यापाशी. तुझ्या देव्हाऱ्याला मी हात लावणार न्हाई, आन् तुला कधी माझ्याकडं ये म्हणणार न्हाई." त्याला वाटलं, आपण बायकोला केवढं मोठं राज्य देऊन टाकलं! साळूबाईनं तव्यावरची भाकर उलटली आणि बरं म्हणाली.

आता हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून? तर ग्यांगातल्या येलय्या मास्तराकडून. हा येलय्या सहा दिवस रुळांखाली खडी ठोकायचा आणि रविवारी उपदेश करायचा. बॅप्टिस्ट मंडळीतला माणूस. त्यांच्यात तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. बाप ख्रिस्ती म्हणून पोरगं ख्रिस्ती, असला सौदा त्यांना चालत नाही. माणसानं मोठं व्हावं, स्वतःच्या तोंडानं मंडळीपुढं कबूल करावं, मग पाण्यात उतरावं. आणि येलय्याची दुसरी शिकवण याहून कडक. सरकारनं सडक बघावी, चोर धरावा, शेतसारा वसूल करावा; पण माणूस देवापुढं उभा असतो तिथं सरकारनं पाऊल टाकू नये. देवाच्या माणसानंही सरकारच्या काठीला हात लावू नये. काठीच्या धाकानं गुडघे वाकतात, मन वाकत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण त्या काळच्या निजामी राज्यात देवळाला कळस चढवायचा तरी इजाजत लागायची, प्रार्थनेला चार भिंती घालायच्या तरी इजाजत. रामकिसन म्हणायचा, देवाला हाक मारायला परवाना मागणारा मी कोण आणि देणारे ते कोण? म्हणून त्यानं भिंतीच घातल्या नाहीत. त्याच्या रानातल्या चिंचेखाली मंडळी जमायची, आणि उपदेश तोच करायचा. मंडळी म्हणजे तरी किती? परतूर स्टेशनावरचा सांधेवाला धर्मराज, त्याची म्हातारी आई तुळजाबाई, आणि आजूबाजूची पाच-सात घरं. ऊन आलं की सगळे सावलीबरोबर सरकत बसायचे. उपदेश संपेपर्यंत मंडळी चिंचेच्या ह्या अंगाची त्या अंगाला गेलेली असायची, आणि बांधावरून जाणारे हसायचे.

मग निजाम सरकारला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली, त्या जुबिलीचं साल आलं. तालुक्यात एक हौशी अंमलदार होता. त्यानं चपराशी धाडला. अमक्या दिवशी सगळ्या देवळांत, मशिदींत, आणि हो, चिंचेखालीसुद्धा, सरकारला लंबी उमर मिळावी म्हणून प्रार्थना झालीच पाहिजे. बराबर केली तर प्रार्थनेच्या घराची इजाजत मिळेल, वर टाकायला पत्रे पण मिळतील. धर्मराज हरखून गेला. पावसाळ्यात चिंचेखाली चार महिने त्यांची दैनाच व्हायची.

चपराशी म्हणाला, "अरे बुडीवाल्या, दर रविवारी तू सरकारचं भलं मागतोसच ना?"

"मागतो की. बिलकुल मागतो."

"मंग ह्या दिवशी काय जीभ झडून राह्यली का तुझी?"

"रोज मनानं मागतो. हुकमानं मागितली तर ती प्रार्थना ऱ्हात न्हाई बाबा, हजेरी होती. तुमच्या सायबाला सांगा, पुढच्या रविवारी मागीन. त्या दिवशी न्हाई."

सांगा आता! सोन्यासारखे पत्रे चालून आले होते, आणि ह्या शहाण्यानं जुबिलीच्या दिवशी मंडळीला घरी बसायला सांगितलं आणि स्वतः ज्वारी काढायला गेला. दुसऱ्या दिवशी जवान आले आणि त्याला परतूरच्या कोठडीत नेऊन घातलं. भावांनी कपाळाला हात लावला. गाव म्हणालं, बुडीवाला आता खरोखरचा बुडाला.

साळूबाई रोज सकाळी भाकरी बांधायची आणि वाटूराहून परतूरला पायी जायची. दारावरचा जवान गुरगुरला, तर म्हणाली, "दाजीबा, ह्या माणसाला ठेवून घेता तर ठेवून घ्या, पर जल्दी खाऊ घाला. उपाशी असला की लई उपदेश करतो." जवान हसला आणि बाजूला झाला. ती गजांशी बसली. रामकिसन खायला लागला. ती त्याच्याकडं बघत राहिली. हाच का तो माणूस, जो भाऊबंदांपुढं मान वर करत नव्हता? सरकारला कसा काय नाही म्हणाला? तिच्या आत काहीतरी हललं होतं, आणि ते तिला लपवता येईना.

"अहो," ती म्हणाली, "एवढं काय हाय हो त्या पाण्यात?"

रामकिसनचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न तिनं आपणहून विचारला होता! त्याला वाटलं, ओरडून सांगावं. मग त्याच्या डोक्यात येलय्या जागा झाला. ही आत्ता कोठडीबाहेर बसलीय. नवऱ्याचे हाल बघून हिचं काळीज पिळवटलंय. अशा बाईचं मन मोकळं असतं का? दयेपोटी ही हो म्हणेल, आणि ते हो माझं असेल, तिचं नसेल.

कारण त्यानं येलय्याची शिकवण घरात आणली होती, ती अशी. सरकार काय हैदराबादेतच बसतं? दर घरात एक सरकार असतं, आणि बहुतेक वेळा त्याला मिशा असतात. नवरा म्हणाला ऊठ की उठायचं, नवरा म्हणाला बस की बसायचं. मग नवरा म्हणाला माझ्या देवाकडं ये, तर त्याला बायकोची श्रद्धा म्हणायची का जुबिलीची प्रार्थना? तेव्हा बायकोच्या मनाच्या उंबऱ्यावर आपण पाय ठेवायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. विचार चुकीचा होता का? अहो, कसला चुकीचा, त्या काळात असा विचार करणारा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. पण चांगल्या विचारालाही थोडी अक्कल लावून वापरावं लागतं की नाही!

तो घास गिळून म्हणाला, "तुला काय करायचंय त्याच्याशी? तू तुझा मारुती सांभाळ."

त्याच्या मनात होतं, तू मोकळी आहेस. तिच्या कानावर पडलं, तू लांब राहा. तिनं फडकं झटकलं, गाठ मारली आणि उठली.

चार-आठ दिवसांनी कुणीतरी मोठ्या माणसानं शब्द टाकला आणि त्याला सोडलं. पत्रे आले नाहीत ते नाहीतच. चिंच होती तीच राहिली.

घरात दोघंच. लेकरू झालं नव्हतं. ह्या गोष्टीवरून रामकिसन तिला कधी अर्ध्या शब्दानं बोलला नाही, दुसरी करायचं भावांनी सुचवलं तेव्हा त्यानं त्यांना दारातून परत पाठवलं. साळूबाई त्या गोष्टीवर काही बोलायची नाही. फक्त गावात कुणाच्या घरी बारसं असलं की शेतात काम काढायची.

एकदा पहाटे रामकिसन बैल सोडायला निघाला, तर घरातून जात्याची घरघर आणि तिचा आवाज आला.

पहिली माझी ओवी गं, येशूबाच्या पायाशी
जोंधळा मी दळिते, गाणं माझ्या मनाशी

दावं हातात धरून तो भिंतीशी उभा राहिला. चिंचेपासून दोन वाफे सोडून ती दर रविवारी निंदत बसायची. उन्हाळ्यात निंदायला काही नसायचं, तरी बसायची! तिथून ऐकलेली गाणी तिनं आपल्या जात्यावर बसवून घेतली होती. मळ्यातल्या बांधावर बसून रोज तो हेच तर मागत होता. देवा, साळू येऊ दे. मला दुसरं काही नको, पत्रे नको, लेकरू पण नको, साळू तेवढी येऊ दे. आणि ती येत होती, एकेक ओवी करत येत होती. म्हातारा होत आलेला तो गडी तिथं उभ्या उभ्या रडला.

आत जाऊन म्हणाला का काही? नाही! त्याला भीती वाटली, आपण दिसलो की ती आपल्यासाठी गाईल. तो पावलांचा आवाज न करता गोठ्याकडं गेला. काय बोलावं ह्याला? पिकाला पाणी घालायला घाबरणारा शेतकरी कुणी पाहिलाय का?

पुढं जगातल्या मोठ्या लढाईची वर्षं सरली. एका संक्रांतीनंतर मंडळीनं दुधना नदीच्या डोहावर बाप्तिस्मा ठरवला. तुळजाबाई इतकी वर्षं लेकाच्या मागं मागं यायची, पण पाण्यात उतरली नव्हती. आता म्हातारीनं स्वतः म्हटलं, मला उतरायचंय. तिच्याबरोबर मंडळीतल्या एका घरच्या दोघी जावाही उतरणार होत्या. साळूबाईनं आपणहून गाडीत बसायची तयारी केली. कोरडी लुगडी घेतली, शेगडी घेतली, गूळ-चहा घेतला. म्हणाली, "म्हातारी गारठून मेली तर तुमच्या देवाच्या नावानं ठणाणा व्हईल. कुणीतरी बघाय पाह्यजे."

डोहाचं पाणी बर्फासारखं. रामकिसन छातीइतक्या पाण्यात उभा. तुळजाबाईला त्यानं मागं झुकवलं, पूर्ण बुडवलं आणि वर काढलं. म्हातारी दात वाजवत, हसत, रडत काठावर आली. साळूबाईनं तिला पदराखाली घेतलं, केस खसाखसा पुसले, वाटीतला चहा तोंडाला लावला. मंडळी गाऊ लागली. काठावर आजूबाजूच्या गावचे बघे जमले होते.

मंडळीची रीत अशी की शेवटी पाण्यातूनच सगळ्यांना विचारायचं. रामकिसननं दोन्ही हात पुढं केले. "आणखी कुणाच्या मनात असंल तर या. देवाचं बोलावणं सगळ्याला हाय. या!" तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. धर्मराजाच्या पोरीकडं बघितलं. गाडीवाल्याकडं बघितलं. शेळ्या घेऊन थांबलेल्या धनगराकडंही बघून म्हणाला, ये बाबा. नजर फिरत फिरत साळूबाईपर्यंत आली. ती उभी होती. चहाची वाटी तिनं खाली ठेवली होती. पायातल्या चपला काढल्या होत्या. अनवाणी, वाळूत, पाण्यापासून हातभर अंतरावर.

आणि रामकिसननं तोंड फिरवलं.

का? तर आपल्या डोळ्यांचा भार तिच्यावर पडू नये म्हणून! एवढ्या लोकांदेखत नवरा हात पसरून बघतोय म्हटल्यावर बाई कशी नाही म्हणेल? तिला नाही म्हणायची मोकळीक पाहिजे. म्हणून तो समोरच्या काठावरच्या बाभळींकडं बघत उभा राहिला आणि मनात म्हणत राहिला, ये गं साळू, ये, ये, ये. असं डोळे फाडून बाभळी बघताना माणूस कसा दिसतो? रागावल्यासारखा दिसतो. काही वेळानं त्यानं वळून पाहिलं, तर साळूबाई चपला घालून शेगडी विझवत होती. घरी येताना गाडीत ती तुळजाबाईशी भरपूर बोलली. त्याच्याशी मिठामिरचीचं तेवढं.

त्यानंतर जात्यावरची येशूबाची ओवी बंद झाली. रामकिसनच्या लक्षात आलं. त्यानं मनाची समजूत घातली, तिचं मन फिरलं असेल, ज्याचं त्याचं मन. आणि बांधावर बसून पुन्हा मागत राहिला.

मग रझाकारांचं साल आलं. रस्ते बंद, गाड्या बंद, संध्याकाळी दारं लावून बसायचं. त्या श्रावणात साळूबाईला मुदतीचा ताप भरला. जालन्याच्या दवाखान्यात न्यायचं तर नाक्यानाक्यावर बंदुका. रामकिसननं गाडी जुंपली तर गावानंच बैल धरले, म्हणाले तू पण मरशील आणि ती पण. गावठी काढे झाले, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या झाल्या. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-सहा दिवसांत राज्यच गेलं. लोक रस्त्यावर येऊन नाचले. रस्ते उघडले. बहिणीची बातमी कळताच कडूबा हसनाबादेहून गाडी घेऊन धावत आला. पण तोवर साळूबाईची हाडं तेवढी उरली होती.

दुपारची वेळ होती. कडूबा बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. साळूबाईनं डोळे उघडले. ताप जरा उतरल्यासारखा वाटत होता.

"अहो, एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"इचार की."

"त्या दिशी डोहावर तुम्ही त्या धनगराला बी या म्हणले. गाडीवाल्याला म्हणले. माह्याकडून तोंड कामून फिरवलं?"

रामकिसननं तिच्या कपाळावरची पट्टी उचलून पाण्यात बुडवली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "वांझ बाई तुमच्या देवाच्या पाण्यात चालत नसंल. म्हणून तुम्ही मला कधी बोलावत न्हाई. तुम्ही भले माणूस, तोंडावर कसं सांगणार. म्हणून मीच मागं झाले."

"साळू!" तो तिच्या उशाशी बसला आणि भडाभडा सांगत सुटला. येलय्या सांगितला, काठी सांगितली, घरातलं सरकार सांगितलं, तुझं मन मोकळं ऱ्हावं म्हणून मी, तुला भार नको म्हणून मी. "रोज बांधावर बसून तुझ्यासाठी मागितलं गं. एक दिस चुकलो न्हाई."

"देवाला सांगितलं," साळूबाई म्हणाली. "मला न्हाई सांगितलं."

ती हसली की रडली ते कळलं नाही, तिच्या अंगात दोन्हीचं बळ नव्हतं. "सरकार हुकूम सोडतंय. नवऱ्यानं नुसतं ये म्हणायचं असतंय. जेवाया ये, सावलीला ये, म्हणतंच की माणूस. एवढा बी फरक कळला न्हाई व्हय तुमाला?"

आता तरी म्हणावं की नाही! आता तरी तिचा हात धरून, ये म्हणावं! पाणी नसू दे, डोह नसू दे. त्याच्याच मंडळीची शिकवण होती की पाण्यावाचून देवाचं काही अडत नाही, मनाचा होकार पुरे. एक शब्द होता फक्त. तो ओठावर आलाही होता. पण त्या माणसाच्या हाडात रीत मुरलेली. त्याला वाटलं, तापातलं मन. हिनं सावध असताना, मंडळीपुढं, मोकळेपणानं म्हणावं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मरणाऱ्या बाईकडून बुडीवाल्यानं हो म्हणवून घेतलं. तो म्हणाला, "सकाळी धर्मराजाला आन् तुळजाबाईला बोलावतो. त्यांच्याम्होरं बसून बराबर बोलू. तवर निज."

साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. दिवस मावळायच्या आत ती गेली.

सकाळी धर्मराज आणि तुळजाबाई आले ते मौतीला आले. धर्मराजानं बाजूला घेऊन विचारलं, "काही बोलली का ती?" रामकिसन खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "ती यायला तयार व्हती. केव्हाची तयार व्हती. मीच बोलावलं न्हाई."

"मंग ती आपली हाय!" धर्मराज पेटला. "आपल्या रानात चिंचेपाशी पुरू. तिचा भाऊ ऐकत नसंल तर परतुरात फौजेचा तळ पडलाय. मी जातो, सायबाला सांगतो. नवऱ्याचा हक्क हाय. दोन शिपाई आले की कडूबाची काय हिंमत हाय?"

रामकिसननं मान हलवली. "शिपाई आणून तिला माह्या देवाकडं नेऊ? एवढंच ऱ्हायलंय आता."

अंगणात कडूबा तिरडी बांधत होता. सवाष्ण मेली म्हणून गावच्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. विस्तवाचं मडकं कडूबानं स्वतः हातात घेतलं. रामकिसनला कुणी काही विचारलं नाही, आणि तो भिंतीशी उभा राहिला. एका बाजूला कडूबाची माणसं, दुसऱ्या बाजूला मंडळी. रामकिसननं ओठ दातांत धरले होते. चार जणांनी तिरडी उचलली. ती दारातून वळली, आणि तिचं कपाळ, मळवट भरलेलं, त्याच्या अगदी जवळून गेलं.

तेव्हा त्याच्या तोंडून निघालं. हळू नाही, गावाला ऐकू जाईल असं निघालं.

"साळू! ये गं! माह्यासंगं ये!"

सगळे जागीच थांबले. धर्मराज पुढं झाला, त्याच्यामागं मंडळीतले गडी. त्यांना वाटलं, बुडीवाल्यानं आपली बायको मागितली. कडूबानं मडकं खाली ठेवलं. हसनाबादेहून आलेल्या पोरांनी काठ्या सरळ केल्या. कुणीतरी ओरडलं, फौजेला बोलवा! तिरडी खांद्यावर तशीच हिंदकळत राहिली.

"दाजी," कडूबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. "काय म्हणलात? पुन्हा म्हणा."

रामकिसननं काठ्यांकडं बघितलं. धर्मराजाकडं बघितलं. जन्मात एकदाच त्यानं तिला बोलावलं होतं, आणि ते बोलावणं तिरडीवर दावा सांगण्यासारखं ऐकू गेलं होतं. पुन्हा म्हटलं असतं तर डोकी फुटली असती, शिपाई आले असते, आणि साळूबाईचं मढं बंदुकीच्या धाकानं कुणाच्या तरी देवाच्या स्वाधीन झालं असतं. त्यानं धर्मराजाला हातानं मागं सारलं.

"न्हाई कडूबा," तो म्हणाला. "काही म्हणलो न्हाई मी. न्या तिला."

धर्मराजानं मान खाली घातली. कडूबानं मडकं उचललं. तिरडी पुढं गेली, गाव तिच्यामागं गेलं, आणि सगळ्यांच्या शेवटी रामकिसन चालत राहिला. त्याला कुणी चल म्हणालं नाही, आणि कुणी थांब म्हणालं नाही.